सीएफ असलेलं मूल वाढवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या पालकांची बरीच पत्रं साठली होती. या आनुवंशिक आजारात फुप्फुसात घट्ट कफ साचतो आणि स्वादुपिंडातले पाचक रस आतड्यात पुरेसे पोहोचत नाहीत, म्हणून अन्न, विशेषतः चरबी, पचवायला एन्झाइम बाहेरून द्यावं लागतं. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. औषधं बहुतेकांना बरोबर लिहून दिलेली दिसतात. घोळ होतो तो ती देण्याच्या पद्धतीत. म्हणून उत्तरांमध्ये ‘काय द्यायचं’ यापेक्षा ‘कसं द्यायचं’ यावर जास्त जागा खर्च केली आहे. डोसचे आकडे तुम्हाला नेहमीच्या मर्यादा कळाव्यात म्हणून दिले आहेत. आपल्या मुलाचा डोस मात्र त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच बदला.

मुलगी १४ महिन्यांची आहे, वजन ९ किलो. एन्झाइमच्या कॅप्सूलमधले दाणे वाटीभर दुधात घालून चमच्याने भरवते. तरी शी तेलकट, फिकट, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि वास सहन होत नाही. तीन महिन्यांत वजन हललेलं नाही. डॉक्टर डोस वाढवू म्हणतात. किती वाढवणं सुरक्षित आहे?

डोस वाढवण्याआधी ती दुधाची वाटी बंद करा. आमच्या मते तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

कॅप्सूलमधल्या प्रत्येक दाण्यावर एक लेप असतो. तो आम्लात टिकतो आणि सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या वर गेला की विरघळतो. जठरातल्या आम्लातून एन्झाइम सुखरूप पुढे जावं आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर मोकळं व्हावं, यासाठी ही सोय असते. दूध जवळजवळ उदासीन असतं, त्यामुळे लेप वाटीतच विरघळायला लागतो. मोकळं झालेलं एन्झाइम मग जठरातल्या आम्लात नष्ट होतं. म्हणजे कागदावर डोस पूर्ण आणि आतड्यात पोहोचलेला अर्धामुर्धा. शिवाय मोकळं एन्झाइम तोंडाची नाजूक त्वचा सोलतं.

दाणे आंबटसर, मऊ पदार्थात द्यायचे. त्याचा सामू ४.५ किंवा त्याहून कमी हवा. शिजवून गाळलेला सफरचंदाचा गर यासाठी सगळ्यात सोयीचा. चमच्यावर थोडासा गर घ्या, त्यावर कॅप्सूल उघडून दाणे पसरा आणि लगेच भरवा. आधी कालवून ठेवू नका. गर गरम नको. दाणे चुरडू नका आणि ती चावणार नाही असं बघा. गर बुळबुळीत असला की सहसा गिळला जातो. मागोमाग दोन घोट पाणी किंवा दूध द्या, मग बोट फिरवून हिरड्या आणि गालांचा आतला भाग तपासा. एखादा दाणा अडकून राहिला तर तिथे फोड येतो. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आईलाही याच कारणाने स्तनाग्राला जखम होऊ शकते.

वेळही बघा. एन्झाइम जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर साधारण अर्धा तास अन्नाला साथ देतं. जेवण त्याहून लांबत असेल तर डोस विभागा: अर्धा सुरुवातीला, अर्धा मध्यावर. रात्री झोपेत बाटलीने दिलेलं दूध बरेचदा हिशेबातून सुटतं. त्यातही चरबी असते, त्यामुळे त्यालाही एन्झाइम लागतं. डबी कुठे ठेवता तेही तपासा. शेगडीजवळ, खिडकीत, उन्हातल्या गाडीत ठेवलेल्या कॅप्सूल दिसायला तशाच राहतात, पण त्यांचा जोर जातो. झाकण घट्ट, जागा कोरडी आणि २५ अंशांच्या आतली हवी, फ्रिज नको.

आता आकडे. एक ते चार वर्षांच्या मुलांना दर जेवणाला किलोमागे १,००० लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) युनिटपासून सुरुवात करतात आणि गरजेप्रमाणे २,५०० पर्यंत जातात. तुमच्या ९ किलोच्या मुलीसाठी हे ९,००० ते २२,५०० युनिट होतात. मधल्या खाण्याला साधारण याच्या निम्मे. दिवसभराची कमाल मर्यादा किलोमागे १०,००० युनिट, म्हणजे तिच्यासाठी ९०,०००. दूध, जेवण, खाऊ सगळं मिळून हा हिशेब करायचा आहे. ही मर्यादा पाळण्यामागे ठोस कारण आहे: फार मोठ्या डोसवर असलेल्या मुलांमध्ये मोठं आतडं आकसून अरुंद झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. मर्यादेपर्यंत जाऊनही शी तेलकट राहिली तर आणखी कॅप्सूल घालू नका, कारण शोधा. सीएफमध्ये स्वादुपिंडातून येणारा क्षारयुक्त स्राव कमी असतो. त्यामुळे आतड्यातलं आम्ल पुरेसं शमत नाही आणि दाण्यांचा लेप उशिरा विरघळतो. अशा वेळी डॉक्टर आम्ल कमी करणारं औषध जोडून पाहतात. दुधातली साखर न पचणं, आतड्यात जंतूंची अवास्तव वाढ, सीलिॲक आजार (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) याही शक्यता तपासून घेतात.

पद्धत बदलल्यावर आठवडाभर रोज काय खाल्लं, किती युनिट दिले आणि शी कशी झाली हे लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि मग डोसचं ठरवा.

फळं आणि रस यांच्याबरोबरही एन्झाइम द्यायचं का?

नुसतं ताजं फळ, फळांचा रस, साखरेची गोळी, सरबत यांना नाही. ज्यात चरबी, प्रथिनं किंवा पिष्ट पदार्थ आहेत अशा सगळ्याला हो. फळावर साय घातली की नियम बदलला.

बाळ पाच महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. सीएफच्या दवाखान्यात रोज मीठ द्यायला सांगितलं. घरचे म्हणतात, वर्षाच्या आत बाळाला मीठ देऊच नये. कोणाचं ऐकू?

दवाखान्याचं. घरच्यांचा नियम चुकीचा नाही, तो सीएफ नसलेल्या बाळांसाठी आहे. सीएफमध्ये घामग्रंथी क्लोराइड आणि सोडियम परत शोषून घेऊ शकत नाहीत, त्यामुळे घामावाटे मीठ वाहून जातं. घामाच्या तपासणीत क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त आलं की निदान पक्कं धरतात, ते याच दोषावर. आईच्या दुधात सोडियम मुळात कमी असतं, म्हणून अंगावर पिणारं बाळ आधी अडचणीत येतं.

नेहमीचं प्रमाण असं: सहा महिन्यांपर्यंत दिवसाला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, सहा महिने ते एक वर्ष पाव भाग. पूर्ण सपाट चमच्यात साधारण ६ ग्रॅम मीठ मावतं, म्हणजे आठवा भाग पाऊण ग्रॅमच्या आसपास. हे अंदाजाने घेऊ नका. ५ मिलिलिटरचा मोजमापाचा चमचा आणि त्याच संचातला आठव्या भागाचा लहान चमचा वापरा, वरून सुरीने सपाट करा. मीठ बारीक दाण्याचं घ्या. जाड मिठाचा चमचा वजनाला वेगळा भरतो.

हे सगळं एकदम द्यायचं नाही, उलटी होईल. दिवसाचं मीठ सकाळी २४ मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. बाळ आठ वेळा पीत असेल तर दर वेळी सिरिंजने ३ मिलिलिटर मोजून थोड्या काढलेल्या दुधात मिसळून पाजा. ते पाणी दुसऱ्या दिवशी टाकून नवं करा. एन्झाइम सुरू असेल तर ज्या गरातून दाणे देता त्यातच हे मोजलेलं मीठ विभागून घातलं तरी चालतं. वरचं दूध पिणाऱ्या बाळाच्या बाटल्यांमध्ये ते वाटून घालता येतं. घरात मीठ कोण घालणार हे एकाच माणसाने ठरवून घ्यावं. आईने घातलं, मग आजीनेही घातलं असं झालं तर दुप्पट मीठ तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतं.

उकाडा, ताप, जुलाब, उलट्या यांत गरज वाढते; किती वाढवायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या. बाळ मलूल झालं, प्यायला नको म्हणालं, सारखी उलटी झाली, लघवी कमी झाली, वजन घटलं, तर त्याच दिवशी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड तपासायला हवं. सीएफच्या बाळांमध्ये मीठ कमी पडून रक्त अल्कधर्मी होण्याचा एक ठरावीक प्रकार असतो. बाहेरून तो साध्या पोटाच्या बिघाडासारखा दिसतो आणि म्हणून नजरेतून निसटतो. डॉक्टर नवे असतील तर ‘बाळाला सीएफ आहे, क्षार तपासा’ असं तुम्हीच स्पष्ट सांगा.

दोन वर्षांच्या मुलाची छाती ठोकताना तो हातपाय झाडतो, रडतो. हात लावू देत नाही. डोकं खाली करून ठोकायला एका नातेवाइकांनी सांगितलं. रडल्यानेही कफ सुटतोच ना?

डोकं खाली करू नका. पूर्वी तसं शिकवत असत. त्या स्थितीत जठरातलं वर येतं आणि श्वासमार्गात जाऊ शकतं, हे कळल्यापासून लहान मुलांमध्ये ती पद्धत सोडून दिली आहे. आता बसून, तुमच्या खांद्यावर टेकून, सपाट झोपून आणि दोन्ही कुशींवर अशा स्थिती वापरतात.

रडण्याने कफ सुटतो या समजावर विसंबू नका. रडताना मूल लांब श्वास सोडतं आणि आत मात्र घाईने ओढतं. रोजच्या स्वच्छतेचं काम त्यातून होत नाही. शिवाय मुलाच्या मनात फिजिओथेरपी, म्हणजे हे ठोकणं, म्हणजे रडणं अशी गाठ बसली तर पुढची कित्येक वर्षं जड जातात.

तो नाखूश असतो त्याचं कारण बरेचदा हाताच्या ठेवणीत असतं. बोटं जुळवून, अंगठा लगत ठेवून तळहात खोलगट करा आणि मनगट सैल सोडा. आवाज पोकळ, ‘ठुप ठुप’ असा यायला हवा. ‘चट’ आवाज आला किंवा कातडी लाल झाली तर हात सपाट पडतोय. अंगात पातळ सुती कपडा असू द्या, अंगठी-बांगड्या काढा. पाठीचा कणा, छातीचं मधलं हाड, पोट आणि बरगड्यांच्या खालचा भाग सोडून द्या. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं, सगळं मिळून २० ते ३० मिनिटं, दिवसातून दोनदा हे सर्वसाधारण वेळापत्रक झालं. सर्दी-खोकल्यात फेऱ्या वाढवतात. जेवणाआधी करा, नाहीतर खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी. भरल्या पोटी केलं तर उलटी होते, आणि मग त्या जेवणाच्या कॅलरी आणि एन्झाइम दोन्ही गेले.

दोन वर्षांच्या मुलाला अर्धा तास स्थिर पडून राहायला सांगणं अवास्तवच आहे. तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला एक गाणं ठरवा. गाणं संपलं की कूस बदलायची. मधे साबणाचे फुगे, कागदाच्या गोळ्यांवर नळीने फुंकर. आरशावर ‘हाऽऽ’ करून धुकं आणायचा खेळ तर आत्तापासूनच घ्या, कारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर कफ वर आणायला शिकवतात तो ‘हफ’ म्हणजे हाच: तोंड उघडं, घसा मोकळा, श्वास जोराने बाहेर. पीईपी उपकरणाकडे (यात अडथळ्याविरुद्ध श्वास सोडून कफ सुटतो) साधारण त्याच वयात वळतात. उड्या, पळापळ, चेंडू हवंच, पण या वयात ते ठोकण्याच्या जागी नको, जोडीला हवं.

कफ बाहेर थुंकला नाही म्हणून ‘काही निघालं नाही’ असं समजू नका. या वयाची मुलं कफ गिळतात. म्हणूनच तपासणीला घशातला स्वॅब घेतात, साधारण दर तीन महिन्यांनी.

सालब्युटामोल, खारं पाणी, डॉर्नेज आणि आता टोब्रामायसिन अशी चार औषधं नेब्युलायझरने चालू आहेत. सगळी एकदमच कपात घातली तर? वेळ वाचेल.

नाही. डॉर्नेज हे कफ पातळ करणारं औषध म्हणजे प्रथिन आहे. दुसऱ्या औषधात मिसळलं की त्याचा किंवा त्या औषधाचा परिणाम बिघडतो. अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही ते चालत नाही, जेट किंवा उत्पादकाने मान्य केलेलं मेश मशीन लागतं. ते २ ते ८ अंशांत, प्रकाशापासून दूर ठेवा. ॲम्प्यूल गढूळ दिसली तर टाकून द्या.

नेहमीचा क्रम असा: आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामोल. दहा-पंधरा मिनिटांनी ३ किंवा ७ टक्क्यांचं खारं पाणी. ते श्वासनलिकेत पाणी ओढून कफ सैल करतं, पण नळ्या आकसूही शकतात, म्हणून पहिला डोस दवाखान्यात देऊन बघतात. मग छाती ठोकणं. प्रतिजैविक, म्हणजे टोब्रामायसिन, अगदी शेवटी, कारण कफाच्या थरावर पडलेलं औषध जंतूंपर्यंत पोहोचत नाही. डॉर्नेज २.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा असतं. ते फिजिओथेरपीच्या आधी किंवा नंतर, पण खाऱ्या पाण्यापासून वेगळं. वेळ डॉक्टरांनी ठरवून दिली असेल तर तीच पाळा. टोब्रामायसिन बहुधा घशात पहिल्यांदाच स्यूडोमोनास सापडला म्हणून आलं असेल: ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस. यातला एकही दिवस चुकवू नका. पहिल्या वेळी हा जंतू हटवता येतो. तो ठाण मांडून बसला की फार अवघड होतं.

मास्क चेहऱ्याला चिकटून हवा. मूल घाबरतं म्हणून मास्क दोन बोटं लांब धरून वाफ सोडायची, हे अनेक घरांत दिसतं. त्यात औषधाचा फार मोठा भाग हवेत जातो. रडतानाही औषध घशात आणि पोटात उतरतं, फुप्फुसात कमी. आधी मशीन बंद ठेवून मास्कशी खेळू द्या, बाहुलीला लावा, मग आवाजाची सवय करा. आठवडा गेला तरी हरकत नाही.

वेळ वाचवायचा असेल तर कपांचे दोन-तीन संच ठेवा. धुण्यात मात्र काटकसर नको, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. प्रत्येक वापरानंतर कप, मास्क, तोंडाची नळी सुटी करून साबणाच्या कोमट पाण्यात घासून धुवायची आणि स्वच्छ खळबळायची. हे फक्त धुणं झालं, निर्जंतुकीकरण बाकी आहे. त्यासाठी भांडंभर पाण्यात ५ मिनिटं खळखळ उकळा किंवा बाळाच्या बाटल्यांचं विजेवर चालणारं वाफेचं भांडं वापरा. भाग उकळण्याजोगे नसतील तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटं बुडवून निर्जंतुक पाण्याने धुवा. व्हिनेगर वापरू नका. सीएफमध्ये ज्यांची भीती असते ते जंतू त्याने खात्रीने मरत नाहीत.

शेवटचा टप्पा वाळवण्याचा. स्यूडोमोनासला ओलसर जागा आवडते. उकळलेला कप ओला असतानाच डबीत बंद केला तर सगळी मेहनत वाया. हात धुऊन भाग स्वच्छ कागदी रुमालावर पसरा, हवेत पूर्ण वाळू द्या. सिंकच्या काठावर नको, तिथे शिंतोडे उडतात. हवेची लांब नळी धुवायची नसते. आत बाष्प दिसलं तर कप काढून मशीन काही मिनिटं नुसतं चालवा. एरवी दहा मिनिटांत संपणारं औषध वीस मिनिटं घ्यायला लागलं तर कपातलं बारीक छिद्र क्षाराने बुजलंय किंवा मशीनचा फिल्टर भरलाय असं समजा.

साध्या सर्दीत खोकल्याचं औषध देऊ का?

खोकला दाबणारं नाही. कफ बाहेर टाकायचा तोच तर मार्ग आहे. सर्दीत फिजिओथेरपीच्या फेऱ्या वाढवा आणि दवाखान्याला कळवा. सीएफमध्ये प्रतिजैविक लवकर सुरू करतात आणि बरेचदा दोन आठवडे चालवतात, त्यामुळे ‘आधीच्या कोर्समधलं उरलंय ते देऊ’ असं करू नका. शक्य असेल तर पहिल्या डोसआधी स्वॅब जाऊ द्या.

मूल बरं असताना, गाढ झोपेत, पूर्ण ६० सेकंद श्वास मोजून तो आकडा लिहून ठेवा. आजारपणात तुलना त्याच्याशी करता येते. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर ते जलद मानतात. पण तुमच्या मुलाचे नेहमी २४ असतील तर ३६ हासुद्धा फोन करण्याजोगा आकडा आहे. रात्रीचा खोकला, भूक मंदावणं, खेळ सोडून पडून राहणं, वजन घटणं हे छातीत आवाज येण्याच्या बरंच आधी दिसतं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर असतील किंवा पिता येत नसेल तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

तीन वर्षांची मुलगी. प्रत्येक जेवण तास-सव्वा तास चालतं. मागे धावून, गोष्टी सांगून, शेवटी ओरडून भरवावं लागतं. आहारतज्ज्ञ म्हणतात दीडपट खायला हवं. कसं?

सीएफमध्ये वयाच्या नेहमीच्या गरजेच्या ११० ते २०० टक्के ऊर्जा लागू शकते, त्यामुळे आहारतज्ज्ञांचं म्हणणं वावगं नाही. पण दीडपट कॅलरी म्हणजे दीडपट घास नव्हेत. आहे त्याच घासात भर घाला. एक छोटा चमचा तेल म्हणजे ४० ते ४५ कॅलरी. मऊ शिजवलेल्या कुठल्याही पदार्थात ते दिसतही नाही. लोणी, साय, चीज, अंड्याचा बलक, शेंगदाण्याचं किंवा बदामाचं लोणी, यांपैकी एक काहीतरी प्रत्येक जेवणात आणि प्रत्येक खाऊत हवं. चरबी वाढली की एन्झाइमचा डोस पुन्हा बघावा लागतो, हे विसरलं जातं आणि मग ‘तेलाने पोट बिघडलं’ असा निष्कर्ष निघतो. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी आहेत, तीही अशाच जेवणाबरोबर, एन्झाइम दिल्यावर द्या. जेवणाआधी रस किंवा पाणी पोटभर पाजू नका.

आता तास-सव्वा तासाचं. जास्त वेळ बसवून ठेवल्याने मुलं जास्त खात नाहीत. जे काही पोटात जातं ते बहुतेक पहिल्या वीस मिनिटांत. जेवण २० मिनिटं, मधला खाऊ १०-१५ मिनिटं, मग ताट उचला. दिवसाला तीन जेवणं आणि तीन खाऊ ठरलेल्या वेळी. मधल्या वेळात बिस्किट हातात देऊन भर काढू नका, नाहीतर ताटावर भूकच नसते.

आणि लक्ष कशाला देता ते बदला. मुलगी तोंड फिरवते तेव्हा सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. खाते तेव्हा मोठी माणसं सुटकेचा श्वास टाकून आपापल्या बोलण्याला लागतात. मुलं यातून नेमका उलटा धडा घेतात. नकाराकडे काणाडोळा करा, चेहराही बदलू देऊ नका. घास गिळला की लगेच तिच्याकडे बघून काय आवडलं ते नाव घेऊन सांगा. ‘एवढं खाल्लंस तर’ अशी लाच गोडाची नको, खेळाची चालेल. पहिले तीन-चार दिवस ती नेहमीपेक्षा कमी खाईल आणि तुमचा धीर सुटेल. दोन आठवडे टिकवा, दर आठवड्याला एकाच काट्यावर, सारख्याच कपड्यांत वजन घ्या.

दोन वर्षांपर्यंत उंचीच्या मानाने वजन आणि त्यानंतर बीएमआय (उंची-वजनाचं गुणोत्तर), दोन्ही तक्त्याच्या पन्नासाव्या शतमकावर, म्हणजे मधल्या रेषेवर, किंवा वर असावं असं लक्ष्य असतं. एवढं करूनही आलेख घसरतच असेल तर नाकातून किंवा पोटावरच्या नळीतून रात्री आहार देण्याचा पर्याय पुढे येतो. तो आला म्हणजे तुमच्या प्रयत्नांत खोट होती असं बिलकूल नाही.

शी करताना मुलाच्या गुदद्वारातून लालसर मांसल भाग बाहेर आला. मूळव्याध आहे का?

या वयात आणि सीएफमध्ये बहुधा ते गुदाशय घसरणं असतं. मुलाला गुडघे छातीशी घेऊन झोपवा. बरेचदा भाग आपोआप आत जातो. नाही गेला तर हातमोजा घालून, व्हॅसलीन लावून हलक्या हाताने आत सारा. तरीही गेला नाही, रंग काळसर झाला, किंवा जोडीला पोटात कळा, उलट्या, रक्त असेल तर तातडीने रुग्णालय. एकदा झालं तरी डॉक्टरांना सांगाच, कारण मूळ दुखणं बहुधा अपुऱ्या एन्झाइममध्ये किंवा बद्धकोष्ठात असतं.

सीएफवर आता गोळ्या निघाल्या आहेत म्हणे. मग हे ठोकणं, नेब्युलायझर कशाला?

तुम्ही म्हणता ती मॉड्युलेटर औषधं. सीएफ ज्याच्या दोषामुळे होतो तो सीएफटीआर जनुक १९८९ साली सापडला. त्यातल्या दोषामुळे बिघडलेलं प्रथिन सुधारणारं पहिलं औषध, आयव्हाकॅफ्टर, अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झालं. इलेक्साकॅफ्टर-टेझाकॅफ्टर-आयव्हाकॅफ्टर हे तिहेरी औषध २०१९ मध्ये, आणि तिथे २०२३ पासून ते दोन वर्षांच्या मुलांनाही देता येतं. एफ५०८डेल हा सर्वांत जास्त आढळणारा बदल असेल तर तिहेरी औषधाचा चांगला उपयोग होतो. पण या जनुकात दोन हजारांहून जास्त बदल माहीत आहेत, आणि ज्यात प्रथिन तयारच होत नाही तिथे सुधारणार काय? म्हणून मुलाचे दोन्ही बदल कोणते, तो अहवाल आधी मिळवा.

लहान मुलांसाठी दाण्यांच्या पुड्या येतात. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, मऊ आणि गार पदार्थात मिसळून तासाभरात संपवायच्या, चरबीयुक्त खाण्याच्या लगेच आधी किंवा नंतर. चरबीशिवाय दिलं तर शोषण खूप घटतं. ग्रेपफ्रूट बंद. रिफाम्पिसिनने या औषधांचा परिणाम जवळजवळ संपतो, तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या काही औषधांनी त्यांची पातळी चढते. कोणतंही नवं औषध सुरू होताना हे विचारा. यकृताच्या तपासण्या आणि मोतीबिंदूसाठी डोळ्यांची तपासणी लागते. वागण्यात किंवा झोपेत बदल दिसला तर नोंद करून सांगा. बाकीचे उपचार मात्र तुमच्या मनाने कमी करू नका.

आम्हा दोघांना काही त्रास नाही, मग मुलाला कसा? दुसऱ्या मुलाचं काय?

तुम्ही दोघंही वाहक आहात: प्रत्येकाकडे जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. दर गरोदरपणात सीएफची शक्यता चारात एक; पहिल्याला झाला म्हणून दुसरं सुटेल असा हिशेब नसतो. पहिल्याचे बदल माहीत असतील तर १० ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशींची किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करता येते. आधीची भावंडं ठणठणीत दिसली तरी त्यांची घामाची तपासणी करून घ्या.

मुलगा बालवाडीत जाणार आहे. शिक्षकांना काय सांगू? त्याच वर्गात सीएफ असलेलं आणखी एक मूल आहे असं कळलं.

दुसऱ्या मुलाचं आधी. सीएफ असलेल्या दोन मुलांनी एका खोलीत असू नये, उघड्यावरही दोन मीटरचं अंतर हवं. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागतात, आणि बर्कहोल्डेरिया सेपेशियासारखे काही फार वाईट असतात. शाळेशी बोलून तुकडी, मधली सुट्टी आणि खेळाची वेळ वेगळी करून घ्या. हे सांगताना त्या दुसऱ्या घराचा खासगीपणा जपा.

शिक्षकांना एका पानावर लिहून द्या: याचा खोकला इतरांना लागणारा नाही, खोकला आला तर दाबायला सांगू नये, शौचाला लगेच सोडावं, उन्हात खेळल्यावर पाणी आणि खारट खाऊ द्यावा, एन्झाइम कोण, कधी, कसं देणार, एखादा डोस चुकला तर घाबरू नये, पोट दुखेल, घरी कळवावं. ज्यांना सर्दी आहे त्यांच्यापासून लांब बसवावं. साचलेल्या पाण्याचे खेळ, पाणी भरून राहणारी रबरी खेळणी, फुलदाणीतलं जुनं पाणी, कुजलेला पाला, बांधकामाची धूळ टाळावी. रोजचं मैदान आणि पळापळ टाळू नये. फ्लूची लस सहा महिन्यांच्या वयानंतर दरवर्षी, मुलाला आणि घरातल्या सगळ्यांना. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद. गॅलरीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांवरून परत येतो.

कॅप्सूलची एक वेगळी डबी शाळेत ठेवा, तिच्यावर नाव, डोस आणि मुदत लिहा. ती दप्तरात किंवा खिडकीच्या फळीवर नको, शिक्षकांच्या कपाटात ठेवायला सांगा, आणि दर महिन्याला मोजून बघा. कॅप्सूल जास्त उरल्या असतील तर डोस चुकताहेत.